हिरव्या रेषेमागचा सेल

साठ-सत्तर माणसांना एकाच वेळी एकच तारा दाखवायचा, तर हिरव्या लेसरसारखं दुसरं साधन नाही. 'मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे धरा, ती रेष खाली वाढवा, तिथे जो सर्वांत तेजस्वी तारा दिसतो तो व्याध' असं नुसतं तोंडी सांगितलं, तर निम्मे लोक भलत्याच ताऱ्याकडे बघत राहतात. लेसरची रेष मात्र थेट व्याधाला टेकल्यासारखी दिसते आणि सगळ्यांच्या माना एकदम तिकडे वळतात. लाल लेसर इथे उपयोगाचा नाही. उजेडात काम करणारी आपली दृष्टी ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या रंगाला सर्वाधिक प्रतिसाद देते. अंधारात तर ती निळ्या-हिरव्याकडे आणखी सरकते. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा झोत त्यामुळे हवेतल्या धुळीवरून आणि रेणूंवरून विखुरला तरी डोळ्यांत भरतो. ६५० नॅनोमीटरचा लाल झोत तेवढ्याच शक्तीचा असला, तरी डोळ्याला तो त्याच्या आठव्या-नवव्या हिश्शाएवढाच जाणवतो.

पुण्याजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे एक सर अनेक वर्षं आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतात. दिवाळीनंतर आकाश निवळलं की वेल्हे, मुळशी, भोर या बाजूंना, कधी एखाद्या गावातल्या शाळेच्या मैदानावर. गटाचं सगळं सामान त्यांच्या ताब्यात असतं: दोन दुर्बिणी, तिकाटणी, नकाशे, लाल कागद लावलेले टॉर्च, लेसर आणि या सगळ्यांच्या बॅटऱ्यांचा प्लास्टिकचा एक डबा. दुर्बीण कोणती घ्यावी हे विचारायला त्यांच्याकडे पुष्कळ लोक येतात. बॅटरी कोणती घ्यावी, हे क्वचितच कुणी विचारतं. कार्यक्रम मध्येच अडतो तो मात्र बहुतेक वेळा बॅटरीमुळे, आणि धोका म्हणावा असं या सामानात काही असेल तर ते लेसरच्या झोतात आहे आणि त्या डब्यात आहे.

गटातल्या एका विद्यार्थ्याने ऑनलाइन मागवलेला लेसर एकदा त्यांच्याकडे आला. जाड नळीचा, चावीने कुलूप होणारा. सोबत भिंतीत खोचायचा छोटा चार्जर आणि निळ्या वेष्टनातला एक सेल. सेलवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: ९८०० एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास. सरांनी आधी तो सेल स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला. वजन भरलं तीस ग्रॅमच्या आसपास.

एवढ्यावरच त्यांचा निकाल झाला होता. कारण समजून घ्यायचं तर आधी या सेलचं नाव उलगडलं पाहिजे. या आकाराला १८६५० म्हणतात. या आकड्यातले पहिले दोन अंक म्हणजे व्यास, १८ मिलिमीटर; पुढचे म्हणजे लांबी, ६५ मिलिमीटर; शेवटचं शून्य सेल दंडगोल असल्याचं सांगतं. एवढ्याशा डब्यात किती ऊर्जा मावेल याला रसायनशास्त्राने घातलेली मर्यादा आहे. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन सेल बाजारात आणला, तेव्हापासून या आकाराची क्षमता टप्प्याटप्प्याने वाढत आली. आज नामवंत उत्पादकांचे चांगले सेल ३००० ते ३५०० एमएएचच्या दरम्यान असतात. त्याच्या थोडे पुढे गेलेलेही काही आहेत. ९८०० चा नाही. अस्सल सेलचं वजन साधारण ४५ ते ४८ ग्रॅम भरतं, कारण आत तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर लेप दिलेली पट्टी घट्ट गुंडाळून भरलेली असते. वजन तीस ग्रॅम भरलं म्हणजे आत तेवढा माल नाही.

मग आत काय असतं? असे डबे कापून बघणाऱ्यांना कधी आखूड पट्टीचा सैल गुंडाळा मिळाला आहे, तर कधी मोठ्या डब्यात बसवलेला छोटा सेल आणि उरलेल्या जागेत पांढरी पूड. याहून जास्त आढळणारा प्रकार वजनाने पकडता येत नाही. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले सेल सुटे करायचे, टोकांना चिकटलेल्या निकेलच्या पट्ट्या ओरबाडायच्या, जुनं वेष्टन काढून नवं चकचकीत चढवायचं आणि त्यावर हवा तो आकडा छापायचा. असा सेल वजनाला बरोबर भरतो, चार्जही होतो. पण त्याचं आयुष्य दुसऱ्याच यंत्रात खर्च झालेलं असतं. सर अशा वेळी सेलची दोन्ही टोकं भिंगाखाली धरतात. स्पॉट वेल्डिंगचे बारीक ठिपके किंवा घासल्याचे ओरखडे दिसले, की सेल बाजूला.

विद्यार्थ्याच्या त्या सेलची क्षमताही त्यांनी मोजली. पूर्ण चार्ज करून ठरावीक विद्युतप्रवाहाने रिकामा करायचा आणि किती मिलिअँपिअर-तास बाहेर आले ते पाहायचं. हे आपोआप करणारे चार्जर आता सहज मिळतात. छापील आकड्याच्या आठव्या हिश्शाएवढीही क्षमता निघाली नाही.

विद्यार्थ्याचा प्रश्न साधा होता. "पण सर, लेसर तर लागतोय ना?"

लागत होता. फसवणूक पचते ती नेमकी इथे. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरमध्ये हिरवा प्रकाश थेट निर्माण होत नाही. आतला एक छोटा डायोड ८०८ नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाश देतो. तो निओडिमियम मिसळलेल्या व्हॅनाडेट स्फटिकात शिरतो आणि १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त लेसर तयार होतो. पुढचा केटीपी नावाचा स्फटिक त्याची वारंवारता दुप्पट करतो आणि तेव्हा कुठे हिरवा झोत बाहेर पडतो. प्रत्येक पायरीवर ऊर्जा वाया जाते. तरीही ताऱ्यांकडे निर्देश करायच्या लहान लेसरला साधारण पाव ते एक तृतीयांश अँपिअर एवढाच प्रवाह पुरतो. ३००० एमएएचचा प्रामाणिक सेल या हिशेबाने सलग नऊ ते बारा तास पुरेल. एका रात्रीच्या कार्यक्रमात झोत तुकड्या-तुकड्यांनी लावला जातो. सगळे तुकडे एकत्र केले तरी तासभर होत नाही. म्हणजे खोटा सेलसुद्धा एखादा कार्यक्रम निभावून नेतो, आणि घेणाऱ्याला वाटतं की आपला सौदा बरा झाला.

सरांचा सगळा आग्रह या हिशेबातून येतो. आकाशदर्शनाच्या लेसरला क्षमता कमीच लागते. म्हणून वेष्टनावरचा मोठा आकडा शोधायचं कारणच उरत नाही. शोधायचा तो असा सेल, जो आज जसा वागला तसाच वर्षभराने वागेल, चार्जरमध्ये तापणार नाही, धातूच्या बंद नळीत बिघडणार नाही आणि शाळकरी मुलांच्या घोळक्यात हातात धरायची भीती वाटणार नाही. २६०० किंवा ३००० एमएएच लिहिलेला आणि मोजल्यावर तेवढाच भरणारा सेल त्यांना मोठमोठ्या दाव्यांच्या सेलांपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. हा आग्रह ते दर हंगामात नव्या कार्यकर्त्यांसमोर मांडतात, आणि मांडताना त्यांचा आवाज चढतो.

बंद नळीचा मुद्दा त्यातला सर्वांत गंभीर. कोबाल्टवर आधारलेला लिथियम-आयन सेल प्रमाणाबाहेर तापला, की आतल्या अभिक्रिया स्वतःच उष्णता वाढवत नेतात. धनाग्रातून ऑक्सिजन सुटतो, ज्वालाग्राही द्रावणाची वाफ होते, दाब वाढतो. सेलच्या वरच्या टोकाला दाब सोडायची झडप असते. ती उघडली की वायू बाहेर पडतो. टेबलावर सुटा ठेवलेला सेल निदान मोकळ्या हवेत वायू सोडतो. लेसरची नळी जाड ॲल्युमिनियमची, दोन्ही टोकांना आट्यांची झाकणं, त्यावर पाणी शिरू नये म्हणून रबरी कडी. वायूला वाट मिळाली नाही तर झाकण किंवा काचेचं टोक उडतं, आणि ते टोक कुणाच्या तरी हातात किंवा चेहऱ्याजवळ असतं. टॉर्च आणि ई-सिगारेटच्या बाबतीत अशा दुर्घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. लेसरच्या नळीची रचना टॉर्चपेक्षा वेगळी नाही.

मोठ्या कारखान्यांनाही हे रसायन सोपं गेलेलं नाही. ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीने सोनीचे सेल असलेल्या सुमारे ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या. सेल बनवताना आत शिरलेले धातूचे सूक्ष्म कण हे त्यामागचं कारण होतं. जानेवारी २०१३ मध्ये बोइंग ७८७ विमानं जगभर जमिनीवर उतरवावी लागली, तीही लिथियम-आयन बॅटरीच्या आगीमुळे. पुण्यात मार्च २०२२ मध्ये लोहगाव भागात रस्त्याच्या कडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर पेटली, तेव्हा त्याची चित्रफीत घरोघरी पाहिली गेली. स्वच्छ खोल्या, क्ष-किरण तपासणी आणि प्रत्येक घाण्याची नोंद ठेवणाऱ्या उत्पादकांच्या हातूनही चूक होते. जिथे यातलं काहीच नाही, तिथून आलेल्या बिननावाच्या सेलवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा, असं सर विचारतात.

मग सेल आणायचा कुठून? पुण्यात तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाचा परिसर, मुंबईत लॅमिंग्टन रोड; इलेक्ट्रॉनिक्सच्या वस्तूंसाठी लोक पिढ्यान् पिढ्या इथेच जातात. सरही जातात. जाणकार दुकानदाराकडे चांगला माल मिळतो आणि तो स्वतःहून सांगतो, "हा घेऊ नका सर, हा जुन्या पॅकमधला आहे." असा दुकानदार सापडला की सर त्याला सोडत नाहीत. पॅनासॉनिक, सॅमसंग एसडीआय, एलजी, तैवानची मोलिसेल, आणि सोनीचा बॅटरीचा व्यवसाय २०१७ मध्ये विकत घेतलेली मुराता, ही या क्षेत्रातली खात्रीची नावं. त्यांच्या प्रत्येक मॉडेलचं तांत्रिक माहितीपत्रक असतं: किमान क्षमता, सतत देता येणारा सर्वाधिक प्रवाह, चार्जिंगची आणि रिकामं होण्याची मर्यादा, वजन. सेल हातात घेतल्यावर यातली निदान दोन-तीन मापं घरी पडताळता येतात. माहितीपत्रक नसलेला सेल घ्यायचा नाही, हा सरांचा पहिला नियम.

पण या नावांपाशी एक पेच उभा राहतो आणि सर तो झाकून ठेवत नाहीत. हे मोठे उत्पादक स्वतःच सांगतात की आमचे १८६५० सेल सुटे विकण्यासाठी नाहीत. ते संरक्षक सर्किट असलेल्या पॅकमध्ये, कंपन्यांनी बसवायचे आहेत. सामान्य माणसाने सुटा सेल खिशात घालून फिरावं, ही त्यांची कल्पनाच नाही. म्हणजे अस्सल सेलसुद्धा उघडा, संरक्षणाशिवाय वापरणं उत्पादकाच्या सूचनेविरुद्ध आहे. यातून काढलेला मार्ग असा: अस्सल सेल घेऊन त्याच्या ऋण टोकाला छोटं गोल सर्किट जोडणारे आणि वर आपलं वेष्टन चढवणारे काही विश्वासार्ह जुळणीकार आहेत, त्यांचा 'प्रोटेक्टेड' सेल घ्यायचा. हे सर्किट जादा चार्जिंग, जादा रिकामं होणं, शॉर्टसर्किट आणि मर्यादेबाहेरचा प्रवाह या चारही वेळी सेलचा प्रवाह तोडतं. या सर्किटमुळे सेलची लांबी वाढते. ६५ चा सेल ६७ ते ७० मिलिमीटर होतो आणि काही लेसरच्या नळीत बसतच नाही. म्हणून लेसर घेण्याआधीच नळी मोजायची. उलटही घडतं. सपाट टोकाचा सेल आतल्या स्प्रिंगपर्यंत पोचत नाही आणि लोक मध्ये छोटं चुंबक ठेवून काम भागवतात. ते चुंबक सरकलं की धन टोक आणि डब्याची कड यांना एकदम जोडतं. या सेलचा संपूर्ण डबा ऋण असतो. धन टोकाभोवती फक्त एक पातळ इन्सुलेशनची चकती आणि वर वेष्टन. सरांच्या गटात चुंबकाला बंदी आहे आणि वेष्टन फाटलेला सेल कितीही नवा असला तरी वापरातून बाद होतो.

भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम सेलांना आयएस १६०४६ या मानकानुसार बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी सक्तीची आहे, आणि वेष्टनावर 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो क्रमांक बीआयएसच्या यादीत कुणालाही तपासता येतो. लेसरसोबत फुकट आलेल्या सेलवर सरांना हा क्रमांक अजून सापडलेला नाही.

चार्जरकडे लोक सेलपेक्षाही कमी लक्ष देतात. लिथियम-आयन सेल आधी स्थिर प्रवाहाने आणि मग स्थिर विद्युतदाबाने चार्ज करायचा असतो. दाब ४.२ व्होल्टला पोचला की तो तिथेच रोखून प्रवाह हळूहळू उतरू द्यायचा, आणि तो पुरेसा कमी झाला की चार्जिंग पूर्ण तोडायचं. इथे सहनशीलता फक्त ०.०५ व्होल्टची. विद्यार्थ्याच्या लेसरसोबत आलेल्या चार्जरच्या टोकांवर सरांच्या मल्टीमीटरने ४.३५ व्होल्ट दाखवले, आणि दिवा हिरवा झाल्यावरही प्रवाह थांबला नव्हता. असा चार्जर रात्रभर लावून झोपणं म्हणजे सेलला हळूहळू ताणत नेणं. ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साठू लागतं आणि आतल्या आत शॉर्ट होण्याची शक्यता वाढते. चार्जर वेगळा, नोंदणीकृत, प्रत्येक खणाचं सर्किट स्वतंत्र असलेला आणि किती एमएएच आत गेले ते दाखवणारा घ्यावा. त्यासाठी लागणारे हजार-दोन हजार रुपये सरांना लेसरच्या किमतीपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटतात. चार्जिंग फरशीवर, माणूस जागा असताना, पडद्या-गाद्यांपासून दूर. सेल कोमट होणं ठीक. हात लावून धरवत नाही इतका तापला तर तो त्याचा शेवटचा दिवस.

लहान आकारांत गोंधळ आणखी वाढतो. आपल्या नेहमीच्या पेन्सिल सेलच्या आकाराचा लिथियम-आयन सेल १४५०० म्हणून मिळतो. दिसायला हुबेहूब, पण पूर्ण चार्ज झाल्यावर १.५ च्या जागी ४.२ व्होल्ट. घरात कुणी तो रिमोटमध्ये किंवा मुलाच्या खेळण्यात घातला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. म्हणून सरांच्या डब्यात अशा सेलांवर लाल पट्टी असते आणि डबा घरातल्या बॅटऱ्यांच्या खणात कधी जात नाही. कॅमेऱ्याच्या सीआर१२३ए सेलचा रिचार्जेबल भाऊ म्हणजे १६३४०. सीआर१२३ए तीन व्होल्टचा, चार्ज न होणारा. ज्या लेसरमध्ये असे दोन एकापुढे एक बसतात, तिथे सहा व्होल्ट अपेक्षित असतात. दोन १६३४० घातले की ते ८.४ होतात आणि लेसरचं ड्रायव्हर सर्किट जळू शकतं. या आकाराची प्रामाणिक क्षमता साधारण ६५० ते ८०० एमएएच. बाजारात त्यावर दोन हजारांच्या पुढचे आकडे छापलेले दिसतात.

दोन सेल मालिकेत असले की जोडीचा प्रश्न येतो. एक सेल ताजा आणि दुसरा थकलेला असेल, तर थकलेला आधी रिकामा होतो आणि ताजा त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतो. रिकाम्या सेलचा दाब शून्याच्या खाली, उलट दिशेला जातो. सेलला याहून वाईट काही नाही. सरांच्या नोंदवहीत प्रत्येक सेलचा क्रमांक आहे, खरेदीची तारीख आहे, मोजलेली क्षमता आणि अंतर्गत रोध आहे. जोडीतले सेल एकत्र घेतलेले, एकत्र चार्ज केलेले आणि एकत्रच बाद होणारे. तरीही नव्या खरेदीत ते एका सेलवर चालणारा लेसरच निवडतात. जोडी सांभाळायची शिस्त पंधरा कार्यकर्त्यांच्या गटात कायम पाळली जाईल यावर त्यांचा भरवसा नाही, आणि हे त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे.

एका सेलवरचे लेसर आता सुधारलेतही. ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश थेट देणारे अर्धवाहक डायोड स्वस्त झाले, त्यामुळे स्फटिकांची साखळी उरली नाही. या डायोडला सेलपेक्षा जास्त दाब लागतो, म्हणून आत दाब वाढवणारं सर्किट असतं. ते सर्किट सेल उतरत जाईल तसा जास्त प्रवाह ओढतं, कारण शक्ती तेवढीच ठेवायची असते. सेल थकलेला, अंतर्गत रोध वाढलेला असेल तर शेवटी शेवटी दाब धाडकन कोसळतो आणि लेसर मंद न होता एकदम विझतो. सूत्र शाळेतलंच: ०.१ ओहम रोधातून २ अँपिअर वाहिले की ०.२ व्होल्ट आतच गेले. छोट्या लेसरला हे फारसं जाणवत नाही.

मोठ्या शक्तीच्या निळ्या लेसरला मात्र पुष्कळ प्रवाह लागतो, आणि तिथे जास्त प्रवाह सोसणारे वेगळ्या रसायनाचे सेल घ्यावे लागतात. पण एक वॉटचा निळा लेसर आकाशदर्शनाच्या मैदानावर आणायचाच का? सरांचं उत्तर ठाम आहे: नाही. तो डोळ्याची पापणी मिटायच्या आत दृष्टिपटल जाळू शकतो. अमेरिकेत पॉइंटरसाठी ५ मिलिवॉटची मर्यादा आहे. तिथल्या एनआयएसटी या संस्थेने १२२ पॉइंटर तपासले, तेव्हा हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के नियमात बसत नव्हते. ही माहिती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी २०१० मध्ये त्याच संस्थेने एका स्वस्त हिरव्या पॉइंटरमधून, अवरक्त प्रकाश अडवणारी गाळणी नसल्याने, अदृश्य झोत बाहेर पडत असल्याचं दाखवलं होतं. लेसरवर छापलेली शक्ती खऱ्यापेक्षा कमी आणि सेलवर छापलेली क्षमता खऱ्यापेक्षा जास्त, असे दोन्ही खोटे आकडे एकाच खोक्यात येतात. म्हणून सर सेलची तपासणी करतात तेव्हा लेसरचीही करून घेतात, आणि सेल खोटा निघाला की त्या विक्रेत्याचा लेसरही मुलांच्या कार्यक्रमात वापरत नाहीत. लोहगाव विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानांची वाट कोणत्या बाजूने जाते, हेही प्रत्येक कार्यकर्त्याला आधी दाखवलं जातं. त्या दिशेला झोत जात नाही.

बॅटरीवर नसता दोष येण्याची एक जागा आहे. गटातले काही जण लडाखमध्ये हानलेला जाऊन आले. साडेचार हजार मीटर उंचीवरचं, रात्रीच्या अंधाराचं राखीव क्षेत्र. रात्री लेसर मंद झाला आणि सगळ्यांनी आधी सेल बदलला. झोत तसाच मंद. ५३२ नॅनोमीटरच्या लेसरमधला डायोड थंड झाला की त्याची तरंगलांबी दर अंशाला साधारण ०.३ नॅनोमीटरने सरकते, आणि व्हॅनाडेट स्फटिक मग तो प्रकाश नीट शोषत नाही. सेल निर्दोष असतो. लेसर अंगाशी, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला की पुन्हा चालू लागतो. थंडीत सेलही थोडा कमी देतो, पण त्याचा खरा धोका वेगळा: शून्य अंशाखाली तो चार्ज करायचा नाही, कारण लिथियम ऋणाग्रात न शिरता त्यावर धातू म्हणून बसतं. तंबूत पॉवर बँकेवर सेल लावून झोपण्याचा बेत त्यासाठीच रद्द झाला. विमानप्रवासात सुटे सेल सामानात न टाकता हातातल्या बॅगेत, प्रत्येकाला वेगळा प्लास्टिकचा कप्पा देऊन न्यावे लागतात. १०० वॉट-तासांची मर्यादा १८६५० पासून फार लांब आहे. ३४०० एमएएचचा सेल साधारण १२ वॉट-तासांचा असतो.

पावसाळ्यात चार महिने सामान बंद राहतं. शेवटचा कार्यक्रम मेमध्ये होतो आणि त्यानंतर सर सेल लेसरमधून बाहेर काढून ३.७ व्होल्टच्या आसपास, म्हणजे साधारण अर्ध्या चार्जवर आणतात. पूर्ण भरून ठेवलेला सेल उष्णतेत लवकर म्हातारा होतो आणि रिकामा ठेवलेला हळूहळू अडीच व्होल्टच्या खाली जातो. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या डिकीत तर तो डबा एक दुपारही राहू देत नाहीत. दिवाळीआधी प्रत्येक सेल पुन्हा मोजला जातो. ज्याचा दाब बाकीच्यांपेक्षा जास्त उतरलेला असतो, त्याच्या नावापुढे वहीत खूण होते. ज्याची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली तो कार्यक्रमाला जात नाही. दोन व्होल्टच्या खाली गेलेला सेल परत जिवंत करायचे उपाय लोक सांगतात. सर ते ऐकून घेतात आणि सेल बाद करतात. खोल रिकाम्या झालेल्या सेलमध्ये ऋणाग्राचं तांबं विरघळून भलत्या जागी पुन्हा बसलेलं असू शकतं, आणि चार्जिंगच्या वेळी ते बाहेरून दिसत नाही.

बाद सेलांच्या टोकांना चिकटपट्टी लावून ते वेगळ्या बरणीत जमतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण गावात राहणाऱ्या कार्यकर्त्याच्या हाताशी संकलन केंद्र नसतं. म्हणून बरणी भरली की सर ती शहरातल्या ई-कचरा केंद्रावर स्वतः पोचवतात. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या गाडीत हे सेल दाबले जातात आणि आग लागते ती कचरा उचलणाऱ्यांच्या हातात, हे ते मुलांना स्पष्ट सांगतात.

बाजारात आता सेल आतच बंद केलेले, यूएसबी केबलवर चार्ज होणारे लेसर जास्त दिसतात. नवख्या माणसाला ते सोयीचे आहेत: सुटा सेल नाही, उलटा बसवायची भीती नाही, वेगळा चार्जर नाही. पण आतला सेल कुणाचा, हे बघता येत नाही, मोजता येत नाही आणि दोन-तीन वर्षांनी तो थकला की चांगला लेसरही टाकावा लागतो. गटाने यंदा एक नवा लेसर घ्यायचं ठरवलं तेव्हा विद्यार्थ्यांनी असाच एक सुचवला. सरांनी त्याऐवजी बदलता येणाऱ्या १८६५० चा, ७० मिलिमीटरचा प्रोटेक्टेड सेल मावेल एवढ्या नळीचा, ५ मिलिवॉटच्या आतला लेसर निवडला. त्यासोबत दोन प्रोटेक्टेड सेल घेतले, ३००० एमएएचचे. दोन्हींचं वजन आणि बीआयएसचा क्रमांक वहीत चढला आहे, आणि क्षमता मोजायचं काम ९८०० चा सेल आणणाऱ्या त्या विद्यार्थ्याकडेच दिलं आहे.